उजवं पुढचं चाक

अठ्ठावन्न सालच्या एप्रिलात, एका सोमवारी सकाळी, भायखळ्याच्या भाजीबाजारासमोर फुटक्या बाटलीच्या काचेने माझ्या हिलमनचा टायर कापला. उजवं पुढचं चाक. बोटभर काप. लालबागला जगदीश मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये चाक दिलं, तासाभरात परत बसवून मिळालं, आणि परळचा नाका यायच्या आत स्टेअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं.

गाडी टॅक्सी होती. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर झालेली माझी पहिली गाडी. आणि येत्या शनिवारी तिचं पासिंग होतं. पासिंगला इन्स्पेक्टर स्वतः शेजारी बसतो, चार रस्ते फिरवतो आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बघतो. स्टेअरिंग थरथरलं की कागदावर फुली. मग गाडी उभी, मीटर उभा, आणि आम्ही घरातली दोघं त्या गाडीकडे बघत बसणार. माझी बायको कालिंदी रोज संध्याकाळी एकच विचारायची, "हलतंय अजून?" मी हो म्हटलं की ती पुढे बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

जगदीशचं गॅरेज म्हणजे गिरणीच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे. पत्र्यावर तेलरंगात महाराष्ट्राचा नकाशा काढलेला, मुंबईच्या जागी लाल टिळा, आणि खाली 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. अक्षर सुरेख होतं. त्या माणसाने आयुष्यात मन लावून केलेलं तेवढं एकच काम असावं.

"मिस्त्री, चाक हलतंय," मी म्हटलं.

"चाक हलायलाच असतं, रघुभाऊ. हललं नाही तर गाडी जाईल कशी?"

बाकावर चहा पीत बसलेले दोघे हसले. त्याने बसल्या जागेवरून टायरला लाथ मारली, "हवा जास्त होती," म्हणाला, हवा सोडली आणि मला वाटेला लावलं.

दुपारी मी परत आलो. येण्याआधी रस्त्याच्या कडेला थांबून चाकाची टोपी काढून बघितली होती. एक नट जागेवर नव्हताच.

"नट कुठाय?"

त्याने खिशात हात घातला. बिड्या, काडेपेटी आणि माझा नट बाहेर निघाला. "हा काय. राहिला. एका नटाने काय होतं?"

"मुंबईवाचून महाराष्ट्र चालणार नाही म्हणून बोंब मारतोस, आणि नटावाचून माझं चाक चालेल?"

"टोमणे मारू नकोस. गर्दी असते इथे."

गर्दी म्हणजे मी आणि चहावाले दोघे. मला तेव्हाही राग आला होता आणि हे लिहितानाही येतो. साहेबाची गॅरेजं सोडून आपण आपल्या माणसाकडे यायचं, आणि आपल्या माणसाने आपला म्हणूनच कसंही करून द्यायचं. वर विचारलं तर आपणच फितूर. गोळ्या खायला तयार असलेली माणसं मी पाहिली आहेत. नट आवळायला तयार असलेली फार थोडी.

नट बसला. थरथर गेली नाही.

मंगळवारी त्याने चाक काढलंच नाही. "रस्ता खराब आहे, ट्रामच्या रुळांवरून नेऊ नकोस," म्हणाला. मी रूळ नसलेल्या रस्त्याने नेली. मग म्हणाला, "तुझ्याच हाताला कंप सुटलाय. डॉक्टरला दाखव." मी त्याच्यासमोर भरलेला चहाचा ग्लास तळहातावर धरून उभा राहिलो. थेंब सांडला नाही. तो म्हणाला, "बघू, उद्या ये."

बुधवारी मनमोहनरावांचा दिवस. हे गिरगावातले जुने गृहस्थ, रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त झालेले. दर बुधवारी सकाळी दहाला दादरला बहिणीकडे जायचे आणि माझ्याच गाडीने जायचे. पुढे बसायचे, कारण त्यांना काटे बघायला आवडायचं. भायखळ्याचा पूल उतरेपर्यंत ते स्टेअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं.

"रघुनाथ, वेग किती आहे?"

"पंधरा मैल."

"तीसवर न्या बरं."

मी नेली. त्यांची नजर घड्याळावर होती. बोट गुडघ्यावर पडत होतं. धप... धप... धप.

"आता दहावर आणा."

आणली. बोट त्याच चालीने पडत राहिलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. पण गंमत वाटल्यासारखा चेहरा नव्हता. "चाकात दोष असला की वेगाबरोबर ठोके वाढतात. दुप्पट वेग, दुप्पट ठोके. हा शाळेतला हिशेब झाला. तुमचे ठोके वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. मिनिटाला पंचावन्न. सारखे पंचावन्न."

"म्हणजे काय, मनमोहनराव?"

"म्हणजे हे चाकाचं नाही."

"मग कशाचं?"

लालबागच्या चौकात पोलिसाने हात दाखवला, मी गाडी उभी केली. चाकं पूर्ण थांबली. इंजिन चालू होतं, तरी स्टेअरिंगवर इंजिनाची कंपनं वेगळी कळतात. माझ्या तळहातात एक ठोका आला. धप. मग थोड्या वेळाने दुसरा. मग बंद.

मनमोहनरावांचा हात डॅशबोर्डवर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला. दादर येईपर्यंत ते बाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "पुढच्या बुधवारी येऊ नका. मी ट्रामने जाईन. राग मानू नका हं."

मी राग मानला नाही. तो माणूस निदान चाकाकडे लक्ष देऊन बघणारा पहिला होता.

त्या दिवशी मी उतारू घेणं बंद केलं आणि नुसता फिरलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बिघाड असला की त्याचं कारण असतं आणि ते हातांना सापडतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एक एक गोष्ट तपासली. ठोका फक्त उजव्या चाकातून येत होता. आणि गाडी ओढत होती. दादरहून दक्षिणेला जाताना परळ आणि लालबागच्या मधे ती डावीकडे ओढायची. हे ठीक. पण त्याच रस्त्याने परत येताना उजवीकडे ओढायची. मी चार वेळा गेलो, चार वेळा आलो. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. बिघडलेली गाडी एकच बाजू धरते. ही बाजू बदलत होती.

पाचव्या खेपेला कळलं. बाजू बदलत होती ती माझी. गाडीची दिशा एकच होती. पूर्व. शिवडीकडे.

गुरुवारी दुपारी परळच्या नाक्याजवळ ती इतकी जोरात ओढली की कडेने चाललेल्या एका बाईच्या पदराला माझा आरसा लागला. बाईच्या कडेवर मूल होतं. ती ओरडली, "डोळे फुटले काय रे तुझे?" मी गाडी थांबवली, उतरलो, तिची माफी मागितली. मुलाने माझ्याकडे बघून हसून दाखवलं. पासिंगचं सोड, ही गाडी आता कोणाचा तरी जीव घेणार, हे मला तेव्हा समजलं. शुक्रवार तेवढा हातात होता.

शुक्रवारी अकराला मी गॅरेजवर पोचलो तर जगदीश पत्रे लावत होता. अंगात धुतलेला सदरा, छातीला समितीचा बिल्ला.

"आज बंद. परळला सभा आहे. सोमवारी ये."

"उद्या पासिंग आहे माझं. पाच दिवस सांगतोय."

"अरे, महाराष्ट्राचा प्रश्न मोठा की तुझं चाक मोठं?"

"माझं चाक," मी म्हटलं. "आणि आज तू ते उघडल्याशिवाय सभेला गेलास, तर सभेत येऊन सगळ्यांसमोर सांगेन तू कसला कामगार आहेस ते."

त्याने पत्रा खाली ठेवला. "उघडून काय बघायचंय त्यात? कापाच्या जागी आतून गेटर टाकलाय."

गेटर म्हणजे टायर आणि ट्यूबच्या मधे ठेवलेला जाड रबराचा तुकडा, कापातून ट्यूब बाहेर येऊ नये म्हणून. सगळेच टाकतात. नीट पातळ करून, कडा घासून टाकला तर कळतसुद्धा नाही.

"कसला गेटर टाकलास?"

"रबर. आणखी कसला? पोत्यातला."

कोपऱ्यात एक पोतं होतं. मी उलटं केलं. चपला पडल्या. टायरच्या रबराचे तळ असलेल्या, गिरणीत आणि गोदीत जाणारी माणसं वापरतात त्या. पाच-सहाच उरल्या होत्या. एकीचाही जोड नव्हता. सगळ्यांचे पट्टे कापलेले.

"ह्या कुठून आणल्या?"

जगदीश बिल्ला सरळ करत होता. "छप्पन्नच्या जानेवारीत. गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. रस्त्यावर खच पडला होता रे. माणसं पळाली, चपला राहिल्या. म्युनिसिपालिटीची गाडी उचलायच्या आधी तीन पोती भरली. रबर ते रबर."

मी चपला एक एक करून परत पोत्यात ठेवल्या.

"टायरचीच चप्पल, टायरलाच लागली," तो म्हणाला. "नुकसान कोणाचं झालं?"

"तीन पोती होती. बाकीच्या कोणाकोणाच्या गाडीत टाकल्यास?"

"आता ते लक्षात कोण ठेवतो?" त्याने पत्रा लावला, कुलूप घातलं, आणि तो सभेला गेला. तिथे त्याने हुतात्म्यांच्या नावाने घोषणाही दिल्या असतील. खोट्या नसतील. हेच मला अजून समजत नाही.

पाना, जॅक, टायर काढायच्या पट्ट्या, सगळं डिकीत होतं. मी ठरवलं की परळला चाळीखाली गाडी लावायची आणि स्वतः उघडायचं. बारा वाजले होते. ऊन डोक्यावर. रस्ता सभेमुळे मोकळा. मी निघालो.

धप... धप.

नाक्यावर ती उजवीकडे ओढली. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. दंड भरून आले. स्टेअरिंग माझ्याशी भांडत नव्हतं. ते नुसतं वळू बघत होतं, हात धरून नेणाऱ्या माणसासारखं.

मला गुरुवारची बाई आठवली. कडेवरचं मूल आठवलं.

मी जोर काढून घेतला. ब्रेकवर पाय ठेवला, हात नुसते टेकवले.

गाडी उजवीकडे वळली.

शिवडीचा रस्ता दुपारचा ओस होता. गोदामांच्या भिंती. गोदीतून आलेल्या दोन ट्रक उभ्या. खाडीच्या चिखलाचा वास. ठोके तेच, पंचावन्न. माझा वेग दहा मैल, तरी चाल तीच. कामावरून घरी निघालेल्या माणसाची.

पण एकाच पायाची.

रेल्वेचं फाटक दिसायच्या आत ती एका गल्लीत वळली. मी वळवली नाही. गल्ली मला माहीत नव्हती.

चाळ. दुमजली. खाली नळ, नळाखाली उपडी घागर.

ठोके हळू पडायला लागले. घर दिसल्यावर माणूस हळू चालतो तसे.

धप.

धप.

थांबले.

मी ब्रेक दाबला नव्हता.

समोर तळमजल्यावरची खोली. दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर एकच चप्पल, डावी. घराकडे तोंड करून ठेवलेली.

मी उतरलो. काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून येत होतं ते केलं. जॅक लावला, चाक काढलं, हवा सोडली, पट्ट्या घालून टायर रिमवरून सोडवला. हात तापलेल्या रबराने भाजत होते. आतून तुकडा काढला. तळ होता. उजव्या पायाचा. कडा न घासलेल्या, पट्ट्याचे दोन चुके, बारीक खिळे, तसेच वाकवून ठेवलेले. इतकं निष्काळजी काम. एक चुका जरी ट्यूबमध्ये घुसला असता तर मी तीसवर असताना ट्यूब फाटली असती.

टाचेच्या मधोमध तीन ठिपके होते, तापलेल्या दाभणाने डागलेले.

हे मला लगेच कळलं. चाळीत एका गॅलरीत वीस-पंचवीस जोड पडलेले असतात, सगळे टायरचे, सगळे सारखे. अंधारात पहिल्या पाळीला निघताना दुसऱ्याचा जोड पायात जाऊ नये म्हणून घरची बाई चपलेला खूण डागते. आमच्या घरात कालिंदी एक आडवी रेघ डागते.

"कोण होयो तुका?"

दारात एक म्हातारी उभी होती. सुभद्राबाई. नाव नंतर कळलं. मालवणकडची, आमच्याच बाजूची. मी हातातला तळ पुढे केला.

तिने तो घेतला नाही. आधी वाकून उंबऱ्यावरची डावी चप्पल उचलली आणि उलटी केली. टाचेवर तीन ठिपके. मग माझ्या हातातला तळ तिच्याशेजारी धरला.

"माझ्या झिलाची," ती मुलाचं नाव घेत म्हणाली. "जयवंताची."

ती रडली नाही. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं. जयवंत गोदीत कामाला होता. गोळीबाराच्या दिवशी दुपारी निघाला, घरी येतो म्हणून. बरोबरच्या माणसाने संध्याकाळी ही एक डावी चप्पल आणून दिली. बाकी काही आलं नाही. इस्पितळात नव्हता, कोठडीत नव्हता, कुठल्या यादीत नव्हता. मेला म्हणून कोणी सांगितलं नाही, म्हणून तिने दार लावलं नव्हतं. दोन वर्षं, रात्रीसुद्धा.

"जोड नवो होतो," ती म्हणाली. "आदल्या आयतवारी घेतलेलो."

डावी नवीच होती. तळाच्या रेघा अजून उठून दिसत होत्या, नख लावलं तर अडकेल अशा. मग मी उजवा तळ उलटा केला आणि त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

तो झिजलेला होता. टाचेची बाहेरची कड पार रबराखालच्या कापडापर्यंत गेलेली. अंगठ्याखाली खळगा. टायरच्या आत घासून रबर असं झिजत नाही. हे मी शपथेवर सांगेन. हे चालून झिजलेलं होतं, बाहेरच्या कडेवर भार देणाऱ्या माणसाच्या पायाखाली. आणि खाचांमध्ये बारीक खडी अडकली होती. बंद टायरच्या आत.

म्हातारीने अंगठ्याखालच्या खळग्यातून बोट फिरवलं.

"किती चाललो रे माझो झील," ती म्हणाली.

तिने दोन्ही उंबऱ्याबाहेर शेजारी शेजारी ठेवल्या. उजवीला पट्टा नव्हता. ती म्हणाली, घालून घेते मोच्याकडून. मग माझ्याकडे बघून एकदम मोकळं हसली. दोन वर्षं डोक्यावर धरलेला हंडा कोणी उतरवून घ्यावा तसा तिचा चेहरा झाला.

"आता दार लावतंय," ती म्हणाली. "तू जा बाबा. घराक जा."

कडी सरकल्याचा आवाज माझ्या मागे आला.

माझ्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा कापून, कडा घासून मी कापाच्या जागी आतून चिकटवला, पंपाने हवा भरली, चाक बसवलं. एकही नट राहिला नाही. गाडी चालू केली. दहावर, वीसवर, तीसवर. स्टेअरिंग निजलेल्या मुलासारखं हातात पडून होतं. परळच्या नाक्यावर मी मुद्दाम हात सोडले. ती सरळ गेली. मी एकटा गाडीत मोठ्याने हसलो. नाक्यावरच्या पोलिसाला वाटलं असेल पिऊन आलाय.

"हलतंय?" कालिंदीने विचारलं.

"नाही."

तिने त्या रात्री मासे तळले.

शनिवारी इन्स्पेक्टरने चार रस्ते फिरवले, स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "गाडी छान ठेवलीय. कुठल्या गॅरेजमध्ये देता?" मी म्हटलं, "स्वतः करतो." शिक्का पडला. जगदीशकडे मी परत गेलो नाही. मनमोहनरावांच्या दाराशी जाऊन सांगितलं. ते पुढच्या बुधवारी येऊन पुढे बसले, घड्याळ खिशातच ठेवलं आणि दादरपर्यंत काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी शिवडीला एक उतारू सोडला आणि परतताना गल्लीत गेलो. सहज. बाई कशी आहे बघावं म्हणून. कालिंदीने ओले काजू दिले होते तिच्यासाठी.

दार बंद होतं. दुपारचे तीन. मी कडी वाजवली.

दार जेमतेम वीतभर उघडलं. सुभद्राबाईच्या केसांना तेल लावलेलं होतं, अंगावर धुवट लुगडं. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे," ती कुजबुजली. "आत्ताच डोळो लागलोहा."

काजू घेतले, मान हलवली आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

मी खाली बघितलं. उंबऱ्याबाहेर जोड होता, घराकडे तोंड करून. उजवीला नवा पट्टा बसवला होता. मी वाकून डावी उलटी केली. पंधरा दिवसांपूर्वी जिच्या रेघांत माझं नख अडकलं असतं, ती डावी. तिची टाच बाहेरच्या कडेला कापडापर्यंत झिजली होती. अंगठ्याखाली खळगा होता.

चप्पल अजून पायाच्या उबेने गरम होती. मी ती होती तशी ठेवली आणि गाडी ढकलत गल्लीच्या बाहेर नेऊन मगच सुरू केली.